वर्गणीवर उभा राहणारा उमेदवार

मध्य रेल्वेच्या नकाशावर ठाकुर्ली हे स्थानक डोंबिवली आणि कल्याण या दोन मोठ्या नावांच्या मध्ये दडून बसलेले आहे. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. मुंबई-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणासाठी त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेने येथे चोळ्याचे वीजघर उभारले, त्याच्या आसऱ्याने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या चाळी वसल्या आणि पुढे डोंबिवलीत न सामावलेली पांढरपेशी वस्ती या बाजूला पसरत गेली. वीजघर केव्हाच बंद पडले. वस्ती मात्र वाढतच राहिली. या वस्तीतला कारकून, शिक्षक, विद्यार्थी सकाळी धीम्या गाडीने बाहेर पडतो आणि दिवे लागल्यावर परततो. राजकीय भाष्यकार त्याला ‘मध्यमवर्गीय मतदार’ या खणात टाकून मोकळे होतात. निवडणुकीत त्याच्या हातून मतापलीकडे नेमके काय घडू शकते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

तो विचारण्याजोगा आहे. अमेरिकेत दर दोन वर्षांनी प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांची निवडणूक होते. त्यांपैकी बहुतेक जागांचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो. खरी झुंज काही डझन मतदारसंघांत लागते. अशा अटीतटीच्या जागा हेरायच्या, तेथे उभा राहिलेला होतकरू उमेदवार निवडायचा आणि शेकडो मैलांवरून त्याला पाच-दहा डॉलर पाठवायचे, त्याच्यासाठी दूरध्वनी करायचे, सुटीच्या दिवशी त्याच्या मतदारसंघात जाऊन दारे ठोठवायची, हा तेथील सामान्य नागरिकांचा, विशेषतः डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाठीराख्यांचा, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला नित्याचा उद्योग झाला आहे. २००४ मध्ये ‘अ‍ॅक्टब्लू’ ही छोट्या देणग्या गोळा करणारी यंत्रणा उभी राहिल्यापासून त्याला वेग आला. डोंबिवली-ठाकुर्लीतून न्यू जर्सीत जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही आता या गोष्टीची चांगली ओळख आहे. तेथे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला भारतीय नागरिक अमेरिकी उमेदवाराला कायदेशीरपणे देणगी देऊ शकतो; इकडे मायदेशी मात्र तो कोणत्याही उमेदवाराच्या झोळीत कधी रुपयाही टाकीत नाही. ही आपल्याकडे न रुजलेली परदेशी रीत आहे, असे यावरून कोणी समजेल. वस्तुस्थिती तशी नाही. ही रीत आपल्याकडे होती, आणि ज्या मतदारसंघांत तिचा प्रत्यय आला त्यांत एकेकाळचा ठाणे लोकसभा मतदारसंघ, म्हणजे ठाकुर्लीकरांचाच मतदारसंघ, होता.

ठाण्याची जागा

१८ जानेवारी १९७७ रोजी लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली तेव्हा विरोधी पक्षांचे पुढारी एकेक करून तुरुंगातून बाहेर येत होते. मतदानाला दोन महिने उरले होते. जनता पक्षाची स्थापना घोषणेनंतर झाली. त्याला स्वतःचे चिन्हसुद्धा नव्हते. भारतीय लोकदलाचे चक्रातला हलधर हे चिन्ह घेऊन, जे मतदारांनी या भागात कधी पाहिलेही नव्हते, उमेदवारांना उभे राहावे लागले. ठाण्यातून उमेदवारी मिळाली ती रामभाऊ म्हाळगी यांना. म्हाळगी मूळचे ठाण्याचे नव्हेत. पुणे जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला, १९५७ मध्ये मावळातून ते विधानसभेवर गेले आणि पुढे पुण्याच्या शुक्रवार पेठेचे आमदार झाले. आणीबाणीत ते स्थानबद्ध होते. आमदार म्हणून केलेल्या कामाचा लेखी अहवाल दरवर्षी मतदारांपुढे ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता. आजही तो अपवादात्मक वाटावा, यावरूनच त्याची किंमत कळते.

पैसा, वाहने, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती यांपैकी कशातही सत्ताधारी पक्षाशी बरोबरी करणे अशा उमेदवाराला शक्य नव्हते. त्याच्यापाशी होती ती माणसे. मतदारयाद्यांच्या हाताने नकला काढणे, चिठ्ठ्या लिहून इमारतीगणिक वाटणे, नवे चिन्ह घरोघर समजावून सांगणे, भिंती रंगविणे, मतदान केंद्रावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहणे, ही कामे पगारी माणसांकडून करवून घेता आली असती तर त्या काळीही खर्च कोठल्या कोठे गेला असता. ती झाली कचेरीतून घरी आलेल्या माणसांच्या संध्याकाळींतून आणि रविवारांतून. सभेत झोळी फिरे. ‘एक मत, एक नोट’ ही त्या काळातली घोषणा केवळ टाळीसाठी नव्हती. सभेच्या मंडपाचे भाडे पुष्कळ ठिकाणी त्याच झोळीतून निघत असे. पु. ल. देशपांडे आणि दुर्गाबाई भागवत यांच्यासारखी साहित्यिक मंडळी त्या निवडणुकीत उघडपणे उभी राहिली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्यांच्या सभेच्या सतरंज्या अंथरणाऱ्यांची नोंद अर्थातच कोठे नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतल्या कर्मचाऱ्याला हे काम उघडपणे करण्याची मुभा नव्हती व नाही. रेल्वे सेवकांसाठी १९६६ चे आणि केंद्र सरकारच्या इतर नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांनुसार राजकीय चळवळीत भाग घेणे तर सोडाच, तिला वर्गणी देणेही निषिद्ध आहे. त्याने मतदान जरूर करावे. परंतु आपण कोणाला मत देणार वा दिले याची खूण दिसू देऊ नये. घरावर किंवा वाहनावर निवडणूक चिन्ह लावणे हासुद्धा वजन वापरण्याचा प्रकार मानला जातो. राज्य सरकारच्या सेवकांवरही अशीच बंधने आहेत. खासगी शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक, वकील, विमा प्रतिनिधी आणि गृहिणी यांच्यावर तेवढी बंधने नव्हती, म्हणून कार्यकर्त्यांच्या पहिल्या फळीत त्यांचा भरणा दिसे. चाकरमान्यांच्या या पट्ट्यातून प्राध्यापक आणि वकील उमेदवार अधिक का निघाले, याचे एक कारण येथे सापडते.

म्हाळगी निवडून आले. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० आणि जनता पक्षाला १९ मिळाल्या. मुंबईतल्या सहाच्या सहा जागा काँग्रेसने गमावल्या. १९७७ चे वारेच तसे होते, असे यावर म्हणता येईल आणि ते खोटे नाही. खरी कसोटी लागली ती तीन वर्षांनी. जनता पक्ष आपापसातल्या भांडणांनी फुटला होता, मतदार वैतागले होते, आणि १९८० च्या जानेवारीत काँग्रेसने महाराष्ट्रात ३९ जागा जिंकल्या. जनता पक्षाला मिळाल्या आठ. या आठ जागा कोणत्या ते पाहिले म्हणजे मोठी उद्‌बोधक गोष्ट नजरेस येते: त्या बहुतेक सर्व मुंबई, ठाणे आणि कोकण या एकाच पट्ट्यातल्या आहेत. मुंबईत राम जेठमलानी, प्रमिला दंडवते, रतनसिंह राजदा, ठाण्यात म्हाळगी, रत्नागिरीत बापूसाहेब परुळेकर, राजापुरात मधु दंडवते. साखर कारखाना, सहकारी बँक, जिल्हा परिषद या सत्तेच्या नाड्या विरोधकांच्या हाती नसलेला हा पट्टा. येथे पक्षाची लाट ओसरल्यावरही उमेदवार तरले, ते त्यांच्यामागे घरोघर ओळख असलेली माणसे होती म्हणून. सारे श्रेय कार्यकर्त्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण शहरी मतदार मुळातच काँग्रेसवर रुष्ट होता. परंतु तेवढ्याने एखादी जागा प्रतिकूल वाऱ्यात टिकत नाही.

राजापूर आणि दक्षिण मुंबई

राजापूरचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. बॅ. नाथ पै यांनी १९५७, १९६२ आणि १९६७ अशी तीनदा ही जागा जिंकली. १९७१ च्या जानेवारीत त्यांचे अकाली निधन झाले आणि दोन महिन्यांच्या आत निवडणूक आली. मधु दंडवते मुंबईत भौतिकशास्त्र शिकविणारे प्राध्यापक. पक्ष प्रजा समाजवादी, म्हणजे देशभर आटत चाललेला. त्या वर्षी काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. उरलेल्या तिघांत दंडवते होते. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा चार निवडणुका ते ओळीने जिंकत गेले. १९८४ साली, जेव्हा राज्यात काँग्रेसला ४३ जागा मिळाल्या, तेव्हाही.

कोकणची अर्थव्यवस्था मनिऑर्डरीवर चालते असे त्या काळी म्हटले जाई. राजकारणही काही अंशी तसेच चाले. गिरणगावातल्या खोलीत राहणारा कामगार गावी जे पत्र पाठवी त्यात पैशांबरोबर मतही असे. निवडणुकीच्या आधी रजा काढून गावी जाणारे, गाडीभाडे पदरचे भरणारे आणि जेवणाची सोय घरच्याच चुलीवर पाहणारे चाकरमानी हे दंडवत्यांच्या प्रचाराचे बळ होते. दूरच्या मतदारसंघातल्या उमेदवारासाठी लांबून मदत पाठविण्याची कल्पना अमेरिकेने शोधून काढली असे ज्यांना वाटते त्यांनी त्या वेळच्या कोकणाकडे पाहावे. भेद एवढाच की येथील मदत करणाऱ्याचे घर, आई-वडील आणि शेताचा बांध त्याच मतदारसंघात होता; निवडून येणारा माणूस कसा निघतो याची झळ त्याला पोहोचणार होती.

१९६७ ची दक्षिण मुंबईची निवडणूक मात्र वेगळ्या जातीची. स. का. पाटील हे केंद्रीय मंत्री, मुंबई काँग्रेसचे अनभिषिक्त राजे आणि पक्षाचे खजिनदार म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर महापालिकेतला एक तरुण नगरसेवक, जॉर्ज फर्नांडिस. पाटलांचा पराभव होऊ शकतो ही गोष्टच कोणाच्या कल्पनेत बसत नव्हती. म्हणून फर्नांडिस यांच्या भित्तिपत्रकांनी मतदाराला तेवढीच एक गोष्ट सांगितली: तुम्ही पाटलांना पाडू शकता. टॅक्सीचालक आणि महापालिका कामगार यांच्या संघटनांनी तो प्रचार अंगावर घेतला आणि पाटील पडले. आशादायी उमेदवाराला पाठबळ मिळत नाही याचे कारण पुष्कळदा गरिबी नसते. तो निवडून येणारच नाही अशी सर्वांची खात्री असते. ती खात्री मोडणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम. गोरेगावात पाण्यासाठी हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी मृणाल गोरे यांच्या बाबतीत हेच केले, आणि १९७७ मध्ये ‘पाणीवाली बाई दिल्लीत’ या घोषणेने उत्तर मुंबई दुमदुमली.

उमेदवारी कोणाच्या हाती?

ही परंपरा मग गेली कोठे? १९८२ मध्ये म्हाळगी निवर्तले. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत ठाण्याची जागा काँग्रेसचे शांताराम घोलप यांच्याकडे गेली. १९८९ मध्ये ती पुन्हा जिंकली भारतीय जनता पक्षाच्या प्रा. राम कापसे यांनी. १९९१ मध्येही तेच निवडून आले. कल्याणचे आमदार राहिलेले, मतदारसंघात सर्वांना उपलब्ध असलेले हे प्राध्यापक कारकून-शिक्षकांच्या वस्तीचे स्वाभाविक प्रतिनिधी होते. १९९६ मध्ये मात्र युतीच्या वाटाघाटींत ठाण्याची जागा शिवसेनेला सुटली आणि प्रकाश परांजपे उमेदवार झाले. परांजपे चांगल्या मतांनी निवडून आले व पुढेही येत राहिले, त्यांच्या योग्यतेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. मुद्दा निराळा आहे. दोनदा निवडून आलेल्या खासदाराची जागा कोणी लढवावी, हे ज्यांनी त्याच्यासाठी दहा-वीस वर्षे चिठ्ठ्या वाटल्या त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची सोयच आपल्या व्यवस्थेत नाही.

अमेरिकेत ही सोय आहे. पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे सामान्य मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवितात. म्हणूनच तेथे होतकरू उमेदवाराला आधीपासून पाठबळ देण्यास अर्थ प्राप्त होतो. आपल्याकडे तिकीट मुंबई किंवा दिल्लीच्या बंगल्यावर रात्री ठरते आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी कळते. उमेदवाराचे नाव दोन आठवडे आधी कळले तर कार्यकर्त्याला नशीबवान म्हणावे लागेल. त्यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने निवडून आलेल्या सदस्याला सभागृहात पक्षाच्या आदेशाबाहेर मत देण्याची वाट बंद केली. पक्ष फोडून बाहेर पडण्याची वाट मात्र त्याने बंद केली नाही, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिले. माणूस पारखून निवडावा आणि त्याने आदेशाप्रमाणे हात वर करावा, किंवा चिन्ह पाहून निवडावा आणि चिन्हच दुसऱ्याच्या हाती जावे, अशा दुहेरी अनुभवानंतर मतदाराने कोणाच्या पाठीशी उभे राहावे?

कायद्याची तराजू

पैशाच्या बाबतीत कायद्याने याहून चमत्कारिक स्थिती निर्माण केली आहे. १९७१ मध्ये दिल्लीच्या सदर मतदारसंघातून अमरनाथ चावला निवडून आले. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी त्या निवडीला आव्हान दिले. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की उमेदवारासाठी त्याच्या पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यावर धरला पाहिजे. नाही तर खर्चाच्या मर्यादेला काही अर्थ उरत नाही. न्यायालयाचा तर्क कोणत्याही शाळामास्तराला पटण्यासारखा होता. सरकारला तो पटला नाही. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराचा समजू नये असे कायद्यात घातले गेले. २००३ मध्ये ही पळवाट बरीच अरुंद करण्यात आली. तरीही पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आणि पुढाऱ्यांच्या विमानप्रवासाला कसलीच कमाल मर्यादा नाही. उमेदवाराला आहे: महाराष्ट्रासारख्या राज्यात २०२२ पासून लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहावे. समजा, ठाकुर्लीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने आपल्याला आवडलेल्या उमेदवाराचे गुण सांगणारे पत्रक स्वखर्चाने छापले आणि इमारतीत वाटले. उमेदवाराची लेखी परवानगी नसेल तर हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत त्यासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली तो दहा हजारांपर्यंत गेला आहे. खर्च दहा रुपयांच्या आत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराने लेखी मान्यता दिली तर माफी आहे. दहा रुपये! ही मर्यादा ठरविली गेली तेव्हा त्या रकमेत रीमभर कागद येत असावा. संहिता नवी झाली तरी दहाचा आकडा कोणाला बदलावासा वाटला नाही. या तरतुदीचा हेतू वाईट नाही. धनिकाने परस्पर लाखो उधळून उमेदवाराची मर्यादा निरर्थक करू नये, हाच तो हेतू. परंतु प्रत्यक्षात धनिकाला पक्षाच्या तिजोरीचा राजरस्ता मोकळा राहिला आणि अडला तो पत्रक छापणारा मास्तर.

२०१८ मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांनी या राजरस्त्यावर पडदाही घातला. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळू नये, अशी ती योजना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली, आणि नंतर जाहीर झालेल्या तपशिलावरून दिसले की बहुतांश रक्कम एक-एक कोटीच्या रोख्यांतून गेली होती. हजाराचा रोखाही उपलब्ध होता; त्याची कोणाला फारशी गरज पडली नाही. प्राप्तिकरात सवलत मिळते तीही पक्षाला दिलेल्या देणगीवर. व्यक्तिशः उमेदवाराला दिलेल्या देणगीवर नाही.

पैशाची मर्यादा

मग वर्गणी हेच उत्तर मानावे काय? याबाबतीत अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. २०१७ मध्ये जॉर्जियातल्या एका पोटनिवडणुकीत जॉन ऑसॉफ या तिशीतल्या डेमोक्रॅट उमेदवारासाठी देशभरातून दोन कोटींहून अधिक डॉलर गोळा झाले, आणि तो थोड्या फरकाने हरला. २०२० मध्ये केंटकी राज्यात एमी मॅक्‌ग्राथ यांच्यासाठी सिनेटच्या जागेवर याच्या कितीतरी पट पैसा जमला; त्या जवळजवळ वीस टक्क्यांनी हरल्या. देणगी देणाऱ्यांना मॅक्‌ग्राथ कितपत ठाऊक होत्या याची शंका आहे. त्यांना प्रतिस्पर्धी मिच मॅकॉनेल पडायला हवे होते. रागाने दिलेला पैसा जेथे राग आहे तेथे जातो, जेथे जिंकण्याचा संभव आहे तेथे जातोच असे नाही. याउलट २०१८ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियात, जेथे डोनाल्ड ट्रम्प यांनी दोन वर्षांपूर्वी सुमारे वीस टक्क्यांची आघाडी घेतली होती, त्या मतदारसंघात कॉनॉर लॅम हे हजारापेक्षाही कमी मतांनी निवडून आले. तेथे कामगार संघटनांची माणसे दारोदार फिरली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहात सुमारे चाळीस जागा मिळवून बहुमत घेतले. आपल्याकडे २०१९ मध्ये बेगुसरायला कन्हैयाकुमार यांनी लोकवर्गणीतून त्या वेळच्या मर्यादेइतके, म्हणजे सत्तर लाख रुपये, काही दिवसांत जमविले. ते चार लाखांहून अधिक मतांनी हरले.

आणखी एक उदाहरण मराठी माणसाला जवळचे. बेळगाव जिल्ह्यात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनचे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी म्हणून अमेरिकी काँग्रेसमध्ये बसू लागले. गरिबीतून वर आलेल्या या रसायनशास्त्रज्ञ उद्योजकाचे मराठी आत्मकथन ‘ही श्रीची इच्छा’ येथे पुष्कळांनी वाचले आहे. त्यांच्या निवडीचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण ती झाली कशी? २०१८ मध्ये राज्यपालपदाच्या प्राथमिक निवडणुकीत स्वतःचे लाखो डॉलर खर्चून ते हरले. २०२२ मध्येही त्यांनी पुन्हा बव्हंशी स्वतःचाच पैसा ओतला आणि नऊ उमेदवारांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मते घेऊन पक्षाची उमेदवारी मिळविली. डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या त्या जागेवर पुढची निवडणूक हा उपचार होता. तळातून आलेला माणूस आणि तळातून आलेला पाठिंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठाणेदारांच्या यशाकडे पाहताना विसरता येत नाही.

चोवीस हजार

पुन्हा ठाकुर्लीकडे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये कल्याण हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ प्रथमच मतदानाला सामोरा गेला. शिवसेनेचे आनंद परांजपे, राष्ट्रवादीचे वसंत डावखरे आणि मनसेच्या वैशाली दरेकर अशी तिरंगी लढत झाली. परांजपे जिंकले ते सुमारे चोवीस हजार मतांनी. मतदान झाले जेमतेम ३४ टक्के. मतदानाचा दिवस ३० एप्रिल, गुरुवार; दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी आणि पुढे शनिवार-रविवार. दहा लाखांच्या आसपास मतदार घरी तरी राहिले किंवा गावी तरी गेले. म्हणजे खऱ्या अर्थाने अटीतटीची निवडणूक या मतदारसंघाच्या वाट्याला आली तेव्हा त्याचे दोन-तृतीयांश मतदार हजर नव्हते. त्यानंतर मतदान वाढत २०२४ मध्ये निम्म्यापर्यंत आले खरे, परंतु विजयाचे अंतर दोन लाखांच्या खाली उतरलेले नाही.

महापालिकेत तर २०२० च्या नोव्हेंबरात मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार चालला. ज्या पातळीवर नवा माणूस सर्वांत कमी खर्चात उभा राहू शकतो तीच पातळी रिकामी राहिली. आणि या साऱ्याचा हिशेब कोणाला द्यावा लागतो? ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि मृत्युमुखी पडले. कल्याण ते ठाणे या टापूत गर्दीचे वेळापत्रक, गाड्यांची संख्या, नव्या मार्गिका यांविषयी संसदेत सतत आणि अभ्यासपूर्वक प्रश्न विचारणारा माणूस असावा, ही अपेक्षा कोणत्याही एका पक्षाची नाही.

शिक्षकांना आणि पदवीधरांना यातले काही आजही करून पाहता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लोकसभेची वाट पाहण्याचे कारण नाही. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक या दोन मतदारसंघांत ठाणे जिल्हा येतो. येथील मतदारयादी इतर याद्यांप्रमाणे कायम राहत नाही. प्रत्येक निवडणुकीसाठी ती मुळापासून नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेल असे नाही. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्याने नमुना १८ आणि मागील सहा वर्षांत तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकविलेल्याने नमुना १९ भरावा लागतो. २०२३ च्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत साऱ्या कोकण विभागाचे मतदार चाळीस हजारांच्या आत होते. एका शाळेच्या शिक्षक-खोलीत भरलेले वीस अर्ज येथे मोजण्याजोगे ठरतात. उमेदवार पक्षाने लादण्याआधी शिक्षकांनी आपसांत ठरवावा, त्याच्याकडून पत्रकाची लेखी परवानगी घ्यावी आणि छपाईची पावती त्याच्या खर्चाच्या वहीत चढवावी, एवढे केले तर कायदाही आड येत नाही. शिक्षक मतदारसंघाची पुढची निवडणूक क्रमाने २०२९ च्या आरंभी यायची आहे. त्या यादीसाठी अर्हता धरली जाईल ती आधीच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, आणि अर्ज स्वीकारणे त्यापूर्वी महिनाभर सुरू होते.